जुन्या गाडीला उजाळा

मैत्रिणींनो, २०१२ सालची डिझायर आम्ही जुनीच घेतली. ह्यांना आधी सीटकव्हरं हवी होती. पण रात्रशाळेतून गाडी मी आणते, आणि मला समोरचा खड्डा दिसेना! म्हटलं, आधी दिवे. दिव्यांच्या ‘काचा’ खरं तर प्लॅस्टिकच्या, उन्हानं पिवळटतात.

भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावली. १००० व मग २००० नंबरचा वॉटरपेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवला, शेवटी पॉलिश केलं. वर अतिनील किरण रोखणारा लेप द्यायलाच हवा. नाहीतर काचा पुन्हा पिवळ्या!

गाडीचा रंग मात्र उगाच बदलू नका. आरटीओची परवानगी लागते.

गाडी उजळली, रस्ताही दिसू लागला. सीटकव्हरं? दिवाळीत बघू!