एसएमपीएस बदलल्यावर पोर्टेबल हार्डडिस्क का अडखळते?

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला बसवलेला, पंखा असलेला पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाच्या भागांना लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज पुरवतो. तो जळाला, आवाज करू लागला किंवा नवे ग्राफिक्स कार्ड त्याला पेलेनासे झाले की बदलावा लागतो. बदलल्यानंतर संगणक सुरू होतो, पंखे फिरतात, विंडोज नीट उघडते. पण यूएसबीला लावलेली पोर्टेबल हार्डडिस्क मधूनच गायब होते, पुन्हा दिसते, मोठी फाइल कॉपी होताना अडकते, नाहीतर तिच्यातून टिकटिक असा आवाज येऊ लागतो. अशा वेळी बहुतेकांना डिस्कच गेली असे वाटते आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवले जाते. खरे तर दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसून तिच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत असतो. वीज डळमळीत असताना केलेली दुरुस्ती चांगल्या डिस्कवरच्या फाइलींचाही घोळ करू शकते. म्हणून आधी वीज तपासायची, मग डिस्क. हा क्रम उलटू नये.

यूएसबी पोर्टवर येणारे ५ व्होल्ट एसएमपीएसमधून दोन वाटांनी निघतात. लाल तारांमधले ५ व्होल्ट संगणक चालू असतानाच मिळतात. जांभळ्या तारेतले ५ व्होल्ट, ज्यांना स्टँडबाय म्हणतात, ते संगणक बंद असला तरी चालू असतात. संगणक बंद करूनही पोर्टवर मोबाइल चार्ज होतो तो यांच्यामुळे. कोणत्या पोर्टला कोणती वाट द्यायची हे मदरबोर्ड ठरवतो. काही मदरबोर्ड संगणक चालू झाला की लाल तारेकडे वळतात, तर काही पोर्ट सतत स्टँडबायवरच राहतात. स्टँडबायची क्षमता साधारण २ ते ३ अँपिअर इतकीच असते. संगणक एकदम ठणठणीत आणि यूएसबी मात्र आजारी, हे चित्र त्यामुळे शक्य होते: प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात, ५ व्होल्टच्या दुखण्याची त्यांना झळही लागत नाही.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकानुसार ही ५ व्होल्टची पातळी पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलता कामा नये, म्हणजे ती ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत राहिली पाहिजे. शिवाय या डीसी विजेवर उमटणारी बारीक थरथर, जिला हार्डवेअरवाले रिपल म्हणतात, ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असतो. २००८ मध्ये जाहीर झालेल्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली. अडीच इंची पोर्टेबल हार्डडिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. आतली तबकडी फिरवायला सुरुवात करताना तिची मोटर क्षणभर एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. म्हणजे नेहमीच्या, निरोगी परिस्थितीतही ती मर्यादेच्या काठावरच चालते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असल्याने ती पोर्टच्या विजेवर विसंबून नसते. एकाच संगणकावर अडॅप्टरवाली डिस्क बिनतक्रार चालते आणि बिनअडॅप्टरची रुसते, एवढ्यावरूनच अर्धे निदान होते.

या काठावरच्या हिशेबात केबलही बसते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त यूएसबी केबलींत वीज वाहून नेणारी तार २८ गेजची, म्हणजे केसासारखी बारीक असते. एक मीटर केबलमध्ये जाणारी आणि परतणारी तार मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध होतो. ९०० मिलिअँपिअर प्रवाहाला त्यात जवळजवळ ०.३९ व्होल्ट गळतात. पोर्टवर पुरते ५ व्होल्ट असतील तर डिस्कला ४.६१ मिळतात, आणि बहुतेक डिस्क तेवढ्यावर निभावतात. नव्या एसएमपीएसने पोर्टवर ४.८ दिले, तर त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला ४.४ उरतात. हा आकडा धोक्याचा आहे. जुन्या एसएमपीएसवर वर्षभर चाललेली केबल नव्यावर अचानक नापास होते ती अशी. दोष एकट्या एसएमपीएसचा नसतो, एकट्या केबलचाही नसतो. चोवीस गेजच्या तारेची, हातभर लांबीची चांगली केबल लावली की कित्येकदा तक्रार तिथेच मिटते.

तपासणीची पहिली पायरी मात्र डिस्कवरची माहिती वाचवण्याची आहे. डिस्क त्या संगणकावरून काढून दुसऱ्या संगणकाला किंवा लॅपटॉपला लावावी आणि महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. लग्नाचे फोटो, शेताच्या सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, दुकानाचे हिशेब यांची एकुलती एक प्रत ज्या डिस्कवर आहे, ती डिस्क घेऊन चाचण्या करत बसू नये. ही पायरी आपोआप पहिली चाचणीही ठरते. दुसऱ्या संगणकावर काही जीबी माहिती न थांबता उतरली, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. तिथेही अडखळली तर संशय डिस्क किंवा केबलवर जातो. एसएमपीएस बदलणे आणि डिस्क बिघडणे एकाच आठवड्यात घडले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे ठरत नाही.

डिस्क निर्दोष निघाली की कॅबिनेटकडे वळावे. एसएमपीएस काढताना आणि बसवताना आतल्या केबलींच्या गर्दीतून हात फिरलेला असतो, म्हणून दोष आधी तिथे शोधायचा. संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा आणि थोडा वेळ थांबून कॅबिनेट उघडावे. मदरबोर्डचा २४ पिनी कनेक्टर पूर्ण बसला आहे का, त्याची कडी खटकन अडकली आहे का, हे बोटाने दाबून पाहावे. अर्धवट बसलेल्या कनेक्टरवरही संगणक चालू होतो, पण एखाद्या पिनचा संपर्क कच्चा राहतो. त्यानंतर समोरच्या यूएसबी पोर्टांची केबल पाहावी. यूएसबी ३.० ची ही केबल जाड आणि ताठ असते. तिचा १९ पिनी कनेक्टर शेजारची केबल ओढताना सहज वर उचकटतो, आणि घाईने दाबला तर आतल्या पिना वाकतात. समोरच्या पोर्टवर डिस्क तुटते आणि मागच्या पोर्टवर नीट चालते, असे असेल तर गुन्हेगार जवळपास नक्की हीच केबल. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असल्याने त्यांच्या वाटेत असा सांधा नसतो. डिस्क नेहमी मागच्या पोर्टला लावणे केव्हाही चांगले.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. काही एसएमपीएसच्या केबली डब्यापासून सुट्या करता येतात, त्यांना मॉड्युलर म्हणतात. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून फक्त डबा बदलण्याचा मोह होतो, कारण केबली पुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो. डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. कनेक्टर बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि आतली हार्डडिस्क किंवा एसएसडी क्षणात जळते. नव्या डब्याबरोबर आलेल्याच केबली वापरायच्या, दुसरा पर्याय नाही.

कधी कारण विजेचे नसून विसरलेल्या सेटिंगचे असते. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपत आलेली असेल तर एसएमपीएस काढताक्षणी बायॉसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात. संगणकाचे घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागले, की हे घडले असे समजावे. यूएसबीशी संबंधित सेटिंग तेव्हाच बदलते, आणि ताप एसएमपीएसच्या माथी मारला जातो. बॅटरी स्वस्त असते, ती बदलून सेटिंग पुन्हा लावावी.

डिस्क नेमकी केव्हा तुटते, याकडे नीट लक्ष दिले तर बराच उलगडा होतो. काही न करता पडून असताना ती गायब होत असेल, तर विंडोजचे वीजबचत धोरण यूएसबी पोर्टला झोपवत असण्याची शक्यता आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबीच्या नावाखाली हे धोरण बंद करता येते. लावताक्षणी किंवा मोठी फाइल लिहिताना तुटत असेल, तर वीज अपुरी पडते आहे. एखादा गेम सुरू केला की तुटत असेल, तर एसएमपीएसच्या अंतरंगाकडे बोट जाते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक तुटण्याची वेळ नोंदलेली असते. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क अनपेक्षितपणे निघाली. त्या वेळा आणि संगणकावर तेव्हा चाललेले काम जुळवून पाहावे. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच कर्नलच्या संदेशांत दिसते.

मोजमाप करायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. संगणक चालू ठेवून एसएमपीएसच्या रिकाम्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी टोकणी काळ्या तारेच्या आणि लाल टोकणी लाल तारेच्या खाचेत धरावी. दोन टोकण्या एकमेकींना लागू देऊ नयेत. संगणक नुसता पडून असतानाचा आकडा पुरेसा नाही. एखादे जड काम चालू करून, डिस्कवर कॉपी सुरू ठेवून आकडा किती हलतो ते पाहावे. ४.७५ च्या खाली गेला तर एसएमपीएस नापास. मोलेक्सवर ५.०२ आणि पोर्टवर ४.६ आले, तर गळती मधल्या वाटेत आहे. पोर्टवर मोजायला काहीशे रुपयांत मिळणारा यूएसबी टेस्टर सोयीचा पडतो, मात्र बहुतेक स्वस्त टेस्टरमधून यूएसबी २.० चाच वेग मिळतो, हे लक्षात असावे. रिपल मल्टिमीटरला दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. आकडे चांगले येऊनही तक्रार राहिली, तर ओळखीच्याकडून दुसरा खात्रीचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे हीच सर्वांत विश्वासाची चाचणी. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ४५० किंवा ५०० वॅट या आकड्यावर विसंबू नये. त्याच लेबलवरच्या तक्त्यात ५ व्होल्टला किती अँपिअर, ३.३ आणि ५ व्होल्ट मिळून किती वॅट आणि स्टँडबायला किती, हे छापलेले असते; घेताना ते वाचावे. साध्या रचनेच्या डब्यांत १२ आणि ५ व्होल्टचे नियंत्रण एकत्र बांधलेले असते. ग्राफिक्स कार्डने १२ व्होल्टवर ओझे टाकले की ते सावरताना ५ व्होल्टची पातळी वर सरकते, कधी ५.२५ च्याही पुढे. चांगल्या डब्यांत ५ व्होल्ट १२ पासून वेगळ्या परिपथाने तयार होतात, त्यामुळे एकाचे ओझे दुसऱ्याला बाधत नाही. संगणकाच्या खर्चात इथे वाचवलेले हजार रुपये महागात पडतात.

जुना एसएमपीएस धूर काढून गेला असेल, तर जाताना त्याने मदरबोर्डचा यूएसबी भागही दुखावलेला असू शकतो. पोर्टच्या वाटेवर पुन्हा पूर्वपदावर येणारा छोटा फ्यूज असतो. एकदा तापून गेलेल्या अशा फ्यूजचा रोध पूर्वीपेक्षा थोडा वाढलेला राहतो आणि तेवढे व्होल्ट तिथेच गळतात. मग नवा एसएमपीएस कितीही चांगला असो, त्या पोर्टवर वीज कमीच येते. यावर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब हा सोपा, टिकाऊ उपाय आहे. बिनअडॅप्टरच्या हबने काही साधत नाही. तो एकाच पोर्टची वीज चौघांत वाटतो.

अर्थिंगचाही विचार करावा. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग मिळत नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अशा वेळी कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी किरकोळ असला तरी यूएसबीत प्लग घालताना बसणारा तो झटका नाजूक चिपला मानवत नाही. तिसरी पिन कापलेला प्लग किंवा दोन पिनांचा जोड इथे कामाचा नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावे.

वीज पक्की झाल्यावरच डिस्ककडे पाहावे. माहितीची प्रत हाताशी आहे याची खात्री करून विंडोजचे चेकडिस्क चालवावे. मध्येच तुटल्याने फाइलींच्या मांडणीत राहिलेल्या चुका ते सुधारते. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर अशा चुका जास्त सापडतात, कारण एनटीएफएसप्रमाणे तिच्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवली जात नाही. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने डिस्कची स्मार्ट नोंदवही वाचावी. त्यातले कच्चे आकडे सुरुवातीला सोळा आधाराच्या पद्धतीत दिसतात, ते सेटिंगमधून दशमान करून घ्यावेत. ५ क्रमांकाची नोंद बदलून टाकलेल्या खराब जागांची, १९७ ची संशयित जागांची. अनेक डिस्कमध्ये १९२ क्रमांकावर वीज अचानक गेल्याने डोकी मागे ओढावी लागल्याचे प्रसंग मोजलेले असतात. १९२ चा आकडा फुगलेला आणि ५ व १९७ शून्यावर असतील, तर डिस्कने विजेचा त्रास सोसला पण ती शाबूत आहे, आणि तिचा वापर चालू ठेवायला हरकत नाही. १९७ चा आकडा आठवड्याभराने पुन्हा पाहावा. तो वाढला असेल तर ती डिस्क वापरातून काढावी.