दुष्काळ धान्याचा कीं कामाचा?

दुष्काळांत गरिबाच्या घरचें धान्य संपण्यापूर्वीं त्याची मजुरी संपते. शेत पिकलें नाहीं कीं शेतमजूर बसतो. शेतकऱ्याची खरेदी थांबली कीं कोष्टी, चांभारही बसतात. म्हणूनच १८८० च्या दुष्काळ कमिशनानें हे दुष्काळ धान्यापेक्षां कामाचे अधिक, असें मानिलें. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायदा करून खेड्यांतील मजुरास कामाचा हक्क दिला; परंतु तें काम अंगमेहनतीचें. धागा सांधणारीं बोटें खडी फोडून राठ झालीं व माग विकला गेला, तर सुकाळांतही कोष्टी बेकारच राहतो. सबब व्यापारी व जमीनदार बंधूंस विनंती कीं, केवळ धान्य देऊन न थांबतां कारागिरांस सूत व कातडें पुरवावें आणि तयार माल विकत घ्यावा. दानानें एक वेळ भागते. धंदा टिकल्यास घर टिकतें.