सोळाशे तुकड्यांचं चॅपेल

बुडापेस्टपासून पन्नासेक किलोमीटरवर, डॅन्यूबच्या काठी एस्तेर्गोम वसलं आहे. किल्ल्याच्या टेकडीवरच्या बॅसिलिकेचा घुमट लांबूनच दिसतो. शंभर मीटर उंचीचं हे हंगेरीतलं सर्वांत मोठं चर्च. आलेला माणूस वेदीमागचं ग्रिगोलेत्तीचं साडेतेरा मीटर उंच चित्र मान वर करून पाहतो, घुमटावर चढून नदीपलीकडचा स्लोव्हाकिया न्याहाळतो आणि खाली उतरतो. आत शिरताच डाव्या हाताला असलेलं तांबडं बाकोत्स चॅपेल मात्र घाईत निसटतं. ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे, कारण टेकडीवरचा सर्वांत मोलाचा ऐवज तोच!

इतिहास थोडक्यात असा: हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान इथलाच. मंगोल स्वारीनंतर चौथ्या बेला राजानं राजधानी बुडाला हलवली आणि राजवाडा आर्चबिशपला दिला. १५४३ मध्ये तुर्क आले, ते मधली काही वर्षं सोडता १६८३ पर्यंत राहिले.

आता चॅपेलकडे वळू. ते बांधून घेणारा तमाश बाकोत्स हा भूदासाचा मुलगा. विद्येच्या आणि धूर्तपणाच्या बळावर तो आर्चबिशप, कार्डिनल झाला आणि १५१३ साली पोपपदाच्या निवडणुकीतही उतरला. तिथं बाजी मारली मेदिची घराण्यातल्या दहाव्या लिओनं. बाकोत्स परतला तो तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धाचं फर्मान घेऊन. त्यासाठी जमलेले शेतकरी १५१४ मध्ये डोझा नावाच्या सेनानीच्या नेतृत्वाखाली सरदारांवरच उलटले. भूदासाच्या मुलानं हत्यारं उचलायला बोलावलेली ही माणसं पुढं निर्दयपणे चिरडली गेली. चॅपेलच्या देखणेपणापुढं हे विसरता कामा नये.

चॅपेलचं काम सुरू झालं १५०६ साली, बाकोत्सच्या दफनासाठी. आराखडा इटालियन रनेसान्स धाटणीचा, दगड मात्र जवळच्या गेरेचे डोंगरातला. त्याला लाल संगमरवर म्हणतात, पण तो मुळात ज्युरासिक काळातला चुनखडक आहे. त्यात अमोनाइटचे, म्हणजे आपल्या शाळिग्रामातल्या चक्रांचे भाऊबंद शोभतील असे जीवाश्म सापडतात. घासूनपुसून चकचकीत केलेल्या या तांबड्या भिंतींत आंद्रेआ फेर्रुच्चीची १५१९ मधली पांढऱ्या कारारा संगमरवराची वेदी उठून दिसते. कमानींवरची नक्षी इतकी नेमकी, की दगडावर छिन्नी चालवलीय यावर विश्वास बसू नये.

तुर्की अमदानीत वेदीवरच्या मूर्तींची मोडतोड झाली, शेजारचं कॅथेड्रल उद्ध्वस्त झालं, चॅपेल तगलं. १८२२ मध्ये नव्या बॅसिलिकेचं काम निघालं तेव्हा ते आराखड्यात बसेना. पाडून टाकणं सोपं होतं. तसं न करता १८२३ मध्ये वास्तुविशारद यानोश पाख याच्या देखरेखीखाली त्याचे सुमारे १,६०० तुकडे सुटे केले गेले आणि ते नव्या इमारतीच्या कुशीत पुन्हा जुळवले. यंत्रं नव्हती, सिमेंट-काँक्रीट नव्हतं. एक दगड चुकला असता तर कमान बसली नसती. पाखचा १८३९ मध्ये खून झाला. बॅसिलिकेचं काम योझेफ हिल्दनं पुढं नेलं. १८५६ च्या लोकार्पणासाठी संगीतकार फ्रान्झ लिस्टनं खास मास (उपासनेचं संगीत) रचला आणि स्वतः संचालन केलं.

बाहेर पडल्यावर राजवाड्याचे अवशेषही पाहावेत. मातीखाली गाडलेला हा भाग १९३४ ते १९३८ दरम्यान उकरून काढला गेला. एका दालनात सद्गुणांची भित्तिचित्रं आहेत. त्यांतलं एक तरुण बोत्तिचेल्लीच्या हातचं असल्याचा दावा २००७ मध्ये झाला. सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही.