ख्रिस्ती उपासनेंतील अभंग

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेंत अभंग कसा आला, हा विषय केवळ ख्रिस्ती बांधवांचा समजून आमचे संग्राहक त्याकडे पाहत नाहींत. वस्तुतः तो छंदःशास्त्राचाही आहे.

एकोणिसाव्या शतकांत या मंडळ्यांतून इंग्रजी गीतांचीं भाषांतरें मूळ चालींवरच गात. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य लघुगुरूंवर किंवा अक्षरसंख्येवर. त्यामुळें ऱ्हस्व अक्षर दीर्घ होई, शब्द भलतीकडेच तुटे. संस्कृत जाणणाऱ्याच्या कानास हें फार बोचतें! अहमदनगरास कृष्णराव सांगळे यांनीं कीर्तनाचा मार्ग धरिला. पुढें नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतल्यावर उपासनेच्या गीतांतच अभंग आणिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळील जलालपूरच्या, हें येथील वाचकांस ठाऊक असेलच.

मोठ्या अभंगाच्या चौकांत सहा, सहा, सहा व चार अक्षरें असतात. लघुगुरूंचें बंधन नाहीं. कोणतें अक्षर लांबवावयाचें तें गाणारा अर्थ पाहून ठरवितो. म्हणून निरक्षर बाईसही तो ऐकून म्हणतां येतो. टिळकांचीं पुष्कळ गीतें 'उपासना संगीत' या संग्रहांत आहेत.

जुन्या गीतपुस्तकांत पदाच्या माथ्यावर चालीचें नांव आढळतें. निरनिराळ्या आवृत्त्या जवळ असल्या, तर मंडळीचा कान केव्हां पालटला तें ताडून पाहतां येईल. नाशकांत शरणपुरासारखी जुनी ख्रिस्ती वस्ती आहे; तेथील घरांतून अशीं पुस्तकें मिळाल्यास संग्राहकांनीं तीं पोथ्यांशेजारीं ठेवावींत.