वेब सर्व्हरच्या मॉड्यूलांचे स्वयंचलित व्यवस्थापन : अपाचेच्या संदर्भात

प्रस्तावना :
अपाचे हा वेब सर्व्हर १९९५ पासून वापरात आहे. त्याचा गाभा लहान असून बहुतेक क्षमता स्वतंत्र मॉड्यूलांतून प्राप्त होतात. सुरक्षित दळणवळणासाठी मॉड-एसएसएल, पत्त्यांच्या पुनर्लेखनासाठी मॉड-रीराइट व सर्व्हरची स्थिती दर्शविण्यासाठी मॉड-स्टेटस ही त्यांची काही उदाहरणे होत. या मॉड्यूलांचे नियंत्रण स्वयंचलित साधनांकडे सोपविताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हस्तव्यवस्थापनाच्या मर्यादा :
डेबियन व उबुंटू प्रणालींत उपलब्ध मॉड्यूलांच्या फाइली एका फोल्डरमध्ये, तर चालू मॉड्यूलांचे दुवे दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात. एक आज्ञा दिली की दुवा निर्माण होतो. एका सर्व्हरपुरती ही पद्धत सोयीची आहे. परंतु सर्व्हरांची संख्या वाढली की कोणता बदल कोठे व का केला, याची नोंद राहत नाही.

अपेक्षित स्थितीची संकल्पना :
सीएफइंजिन (१९९३), पपेट (२००५) आणि अ‍ॅन्सिबल (२०१२) या साधनांनी 'काय करावे' याऐवजी 'काय असावे' हे लिहिण्याची पद्धत रूढ केली. मॉड्यूल आधीच चालू असल्यास साधन काहीही बदलत नाही. नसल्यास ते चालू करते. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची क्रियाही केवळ बदल झाला असतानाच घडेल, अशी योजना करता येते.

अनुल्लेखाचा अर्थ :
येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा लागतो. अ‍ॅन्सिबलच्या सूचीतून मॉड-स्टेटसचा उल्लेख केवळ वगळल्याने ते बंद होत नाही. ते 'नसावे' असे स्पष्ट लिहावे लागते. अन्यथा सूचीत नसलेले मॉड्यूल सर्व्हरवर चालूच राहते. त्याचे पान बाहेरील व्यक्तींना खुले असल्यास चालू विनंत्यांचे पत्ते उघड होऊ शकतात. याउलट पपेटसाठी उपलब्ध असलेला प्रचलित अपाचे संच आपल्या नोंदीत नसलेल्या संरचना-फाइली मूळ मांडणीनुसार काढून टाकतो. त्यामुळे हाताने केलेली आवश्यक मांडणीही नष्ट होण्याचा संभव असतो. एकात अनुल्लेख म्हणजे मौन, तर दुसऱ्यात निषेध होय.

निष्कर्ष :
साधनाची निवड करण्यापूर्वी त्यातील अनुल्लेखाचा अर्थ तपासावा. प्रथम चालू मॉड्यूलांची यादी घ्यावी, अनावश्यक मॉड्यूलांचा निषेध स्पष्ट नोंदवावा आणि प्रत्यक्ष बदलापूर्वी साधनाची चाचणी-फेरी चालवून पाहावी. स्वयंचलनाने श्रम वाचतात. निर्णयाची जबाबदारी मात्र व्यवस्थापकाकडेच राहते.