शीर्षकाला मोदक, मजकुराला मुक्ता

मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाचं नाव हाताने रेखाटत. एका नाटकासाठी घडलेली अक्षरं दुसऱ्याला चालत नसत. ऐतिहासिक नाटक असो की फार्स, लिपी देवनागरीच. पण शीर्षकाच्या वळणावरूनच नाटकाचा बाज कळायचा.

आज हे काम बरंचसं फाँटवर येऊन पडलं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या गटाचा 'मोदक' पाहा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला हा फाँट इतका गुबगुबीत, की 'ब'च्या पोटातली पांढरी जागा जेमतेम फटीएवढी उरते. मिठाईच्या खोक्यावर, बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो खुलून दिसतो. परिच्छेद मात्र त्यात लावू नये. 'व' आणि 'ब' यांत फरक आहे तो एका तिरक्या रेघेचा, आणि ती दिसायला आत मोकळी जागा लागते. मजकुरासाठी 'एक टाइप'चाच, सात वजनांत (जाडीच्या पायऱ्यांत) मिळणारा 'मुक्ता' उत्तम. ही जोडी जमते, कारण दोघांचा स्वभाव उघड वेगळा आहे. जवळपास सारखे दिसणारे दोन फाँट शेजारी आले, की वाचकाला ती छपाईतली चूकच वाटते.

खरी कसोटी लागते ती देवनागरी आणि रोमन एका ओळीत आल्यावर. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी शिरोरेषेला लटकते. शिवाय वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. कॅपिटल अक्षरं तर देवनागरीत नाहीतच. त्यामुळे दोन्हींचा पॉइंट साइझ सारखा ठेवून भागत नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'ने (२०१४) यावर नेटका तोडगा काढला. निनाद काळे यांची देवनागरी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांच्या रोमन लहान लिपीतल्या 'बी', 'डी'च्या दांड्याइतकी उंच आहेत. कॅपिटल अक्षरं त्याहून बुटकी, आणि बिनदांड्याची लहान अक्षरं बऱ्यापैकी उंच. म्हणून मराठी वाक्यात एखाद्या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं आली, तरी ती अंगावर येत नाहीत.

कोणतीही जोडी पक्की करण्याआधी 'महाराष्ट्र', 'श्रद्धा', 'दुसऱ्या' हे शब्द प्रत्यक्ष आकारात छापून पाहावेत. जोडाक्षरं तिथेच उघडी पडतात. आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडलेली आहे ना, हेही तपासावं. नाहीतर काही फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात.