नाल्याचं पाणी रंग बदलतं तेव्हा...

पावसाची मोठी सर येऊन गेली आणि आभाळ स्वच्छ झालं, की गच्चीवर जाऊन उत्तरेला बघा. शिरपूरच्या पलीकडे एक निळी रेघ दिसते. तो सातपुडा. नरडाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ती रेघ लहानपणापासून पाहिलेली असते, पण तिच्या आत चालत गेलेले किती जण आहेत? आपण मित्रांचा ग्रुप जमवतो आणि लोणावळा, भंडारदरा, नाहीतर सापुतारा गाठतो. शिंदखेडा तालुक्यात पाण्याच्या टँकरमागे धावलेली आपण माणसं, धबधबा म्हटलं की तो दुसऱ्याच्याच जिल्ह्यात असणार, असं गृहीत धरतो.

मीही तेच धरलं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये तो समज गेला. त्याच दिवशी आणखी एक समज गेला, आणि तो जरा महागात पडला. म्हणून हा लेख.

आधी वाट सांगते. नरडाण्याहून रेल्वेने शिंदखेडा, मग दोंडाईचा. तिथून शहाद्याची एसटी. वाटेत सारंगखेड्याच्या पुलावर तापी लागते. घोड्यांच्या बाजारासाठी डिसेंबरात गाजणारं हेच ते सारंगखेडा. शहाद्यातून म्हसावद, राणीपूर करत गाडी डोंगराला भिडते आणि घाट चढून तोरणमाळला पोहोचते. उंची साधारण ११५० मीटर. खाली अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि वर अंगावर स्वेटर! १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे सगळं आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं. पुढे उत्तरेला डोंगर उतरत उतरत नर्मदेपर्यंत जातात. नदीपलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. तीन राज्यांच्या सीमेवरचा हा मुलूख. पाड्यांवर पावरी आणि भिलोरी बोलली जाते. आपली अहिराणी बाजारापुरती समजते, पुढे हसण्यावर काम भागवायचं.

तोरणमाळला यशवंत तलाव आहे, गोरखनाथांचं मंदिर आहे. पण पावसाळ्यात पाय आपोआप वळतात ते सीताखाईकडे. पठारावरून चालता चालता जमीन अचानक संपते. समोर खोल दरी, काळ्या कातळाच्या उभ्या भिंती आणि कड्यावरून सुटलेलं पाणी. धुकं आलं की सगळं पुसलं जातं आणि फक्त आवाज उरतो. धुकं सरकलं की दरी परत दिसते.

मी निघताना आजी म्हणाली होती, "दगडे देखाले कोनी जास का व माय?" आजी, त्या दगडांचीच तर गंमत आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. टोपलीत भाकरी एकावर एक रचाव्यात तसे थर बसत गेले. काही थर टणक, काही भुसभुशीत. पाणी टणक थरावरून उडी मारतं आणि खालचा मऊ थर पोखरत राहतं. पाया गेला की वरचा टणक दगड तुटून पडतो. मग धबधबा थोडा मागे सरकतो आणि त्याच्यापुढे दरी लांबत जाते. म्हणजे सीताखाईसारखी दरी ही पाण्याने मागे मागे चालत केलेली वाट असते. धबधब्याखाली घरांएवढे धोंडे का पडलेले असतात, याचं उत्तरही यातच आहे. आपण ज्या धोंड्यावर बसून फोटो काढतो तो कधीतरी वरून आलेला असतो.

आता ऑगस्टमधली गोष्ट.

आम्ही चौघं होतो. दोन मुली, दोन मुलं. सीताखाई वरून बघून झाली, पण आमचं समाधान होईना. "खाली उतरल्याशिवाय काय मजा?" पठाराखालच्या एका पाड्यामागे नाल्यात छोटा धबधबा आहे, असं कुणीतरी सांगितलं. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे धड वाट नाही आणि माझ्यामुळे कुणी तिकडे जावं असं मला वाटत नाही. नाल्यात पाणी घोट्याएवढं. इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. ऊन पडलेलं. आम्ही नाला ओलांडून पलीकडे गेलो, सपाट दगडावर बॅगा ठेवल्या आणि धबधब्याखालच्या डोहाकडे निघालो.

काठावर एक बाबा गुरं चारत होते. ते बराच वेळ आमच्याकडे नाही, नाल्याच्या वरच्या अंगाला बघत होते. एकदम ओरडले, "वर! वर चढा!" आम्हाला वाटलं, इथे यायला मनाई असेल. माझा मित्र हसत म्हणाला, "बाबा, पाच मिनिटं." ते काठी आपटत पुन्हा ओरडले आणि हाताने पाणी दाखवलं.

पाण्याचा रंग बदलला होता. चहात दूध पडावं तसा तांबूस गढूळपणा पसरत होता. वाळकी पानं, काटक्या वाहत यायला लागल्या होत्या. आवाजही वेगळा होता. आधी खळखळ होती, आता खाली घुमल्यासारखं ऐकू येत होतं. आम्ही जिथे होतो तिथूनच कडेच्या उतारावर चढलो. हाताला मिळेल ती झुडपं धरून. मैत्रिणीचा एक बूट चिखलात राहिला. वर जाऊन मागे बघितलं तेव्हा बॅगा ठेवलेला दगड अजून दिसत होता. थोड्या वेळाने दगड दिसेना, बॅगाही नव्हत्या. जो नाला आम्ही चपला हातात घेऊन ओलांडला होता, त्यातून आता अख्खं लाकूड वाहत गेलं. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊन होतं.

आम्ही पलीकडच्या काठावर अडकलो. बाबांनी हातानेच खूण केली, बसा. पाणी उतरेपर्यंत चार तास बसलो. संध्याकाळी त्यांनी स्वतः पाण्यात काठी टेकवत येऊन आम्हाला एकेक करून पार नेलं. त्यांच्या घरी भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. पैसे द्यायचा प्रयत्न केला तर ते रागावले.

पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. घरी मी सांगितलं होतं, "शिरपूरला मैत्रिणीकडे चाललेय." फोनला रेंज नव्हती. उद्या आम्ही सापडलो नसतो, तर आईने शोध कुठे घेतला असता? शिरपूरला. सगळे चुकीच्या दिशेला धावले असते. पाण्यापेक्षा मला त्या खोटेपणाची भीती जास्त वाटली, आणि अजून वाटते.

परत आल्यावर मी वाचायला लागले. आमच्यासोबत जे घडलं त्यात विचित्र काहीच नव्हतं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अँटेलोप कॅन्यन नावाची अरुंद, सुंदर घळ आहे. तिचे फोटो तुमच्यापैकी अनेकांनी वॉलपेपर म्हणून लावलेही असतील. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. घळीत पाऊस नावापुरता होता, वादळ कित्येक मैल वरच्या भागात झालं होतं. इतकं लांब कशाला, ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आणि पुढे पाठवला. मीही पाठवला होता. तरीही मी ऑगस्टमध्ये त्या नाल्यात उतरले.

असं का होतं? सातपुड्याचा उतार तीव्र आणि खडक कठीण. मोठ्या पावसात पाणी मुरायला वेळच मिळत नाही. वरच्या पठारावर पडलेला सगळा पाऊस चहूबाजूंनी एका चिंचोळ्या घळीत येतो. रुंद नदीत जे पाणी वीतभर चढेल, तेच घळीत पुरुषभर चढतं. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून "पाणी तर गुडघ्याएवढंच आहे" हे वाक्य फसवं आहे. जोरात धावणारं गुडघाभर पाणी धडधाकट पोरालाही पाडतं. दिलासा एवढाच, की छोटा नाला जसा झटकन चढतो तसाच काही तासांत उतरतो. थांबणं हाच उपाय असतो. जीव जातो तो बहुतेक वेळा "आत्ताच पलीकडे जायचं" या घाईत.

मग काय, जायचंच नाही का? जायचं! मी परत गेले. या वेळी धडगाव तालुक्यात, बिलगावला. उदई नदी इथे कातळाच्या रुंद कड्यावरून अनेक धारांनी खाली पडते. फोटोसाठी गर्दी होते, पण या धबधब्याची खरी गोष्ट फोटोत येत नाही.

'स्वदेस' बघितलाय ना? शाहरुख गावकऱ्यांना घेऊन पाण्यावर वीज तयार करतो, आजीच्या समोर दिवा लागतो. २००४ चा तो सिनेमा वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झाला, म्हणून लोक मेणवलीला जातात. पण तशी वीज खरोखर तयार झाली होती ती या बिलगावात, सिनेमाच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये. नर्मदा बचाओ आंदोलन, केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे इंजिनिअर आणि श्रमदानाला उतरलेले गावकरी यांनी मिळून १५ किलोवॅटचा छोटा प्रकल्प उभा केला. धबधब्याच्या वर पाणी अडवायचं, चारीने वळवायचं, पाइपातून खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवायचं. जिथे तारा पोहोचल्या नव्हत्या तिथे पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी इथवर आलं आणि प्रकल्प बुडाला. सिनेमातला दिवा अजून लागतो, बिलगावचा तीन वर्षांत विझला.

तिथे उभं राहिलं की सेल्फीसाठी उंचावलेला हात जरा खाली येतो. आपण ज्याला 'स्पॉट' म्हणतो ते कुणाचं तरी गाव असतं. तिथल्या माणसांनी त्या पाण्याकडून काहीतरी मिळवलेलं असतं आणि गमावलेलंही असतं.

तुम्ही जाणार असाल, तर माझ्या चुकीतून शिकून जा:

- निघण्याआधी आणि पोहोचल्यावर हवामान बघा. फक्त तुमच्या डोक्यावरचं आभाळ नाही, नदीच्या वरच्या भागातलंही.
- पाड्यावर थांबा, विचारा, शक्य असेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्या.
- पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या आल्या, आवाज घुमायला लागला, की बॅग सोडा आणि जवळच्या काठाने उंच चढा. नाला ओलांडायला जाऊ नका.
- घळीत उतरण्याआधी बाहेर पडायच्या दोन जागा हेरून ठेवा. जिथे अशी जागाच नाही तिथे पावसाळ्यात उतरू नका.
- धबधब्याच्या अगदी खाली बसू नका. वरून पाण्याबरोबर दगडही येतात.
- पहिल्यांदा जात असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. पाणी असतं, पण त्याचा राग उतरलेला असतो.
- प्लास्टिक परत आणा. दारू नेऊच नका.
- आणि कुठे चाललोय ते घरी खरं सांगा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. विशेषतः मुलींना. खरं सांगितलं तर "नाही" ऐकावं लागेल ही भीती असते. बिलगावला जाण्याआधी मी आईला सगळं सांगितलं, ऑगस्टचंसुद्धा. ती खूप चिडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक कागद पुढे केला. म्हणाली, "लिही. कुठली एसटी, कुठलं गाव, सोबत कोण, परत कधी."

तो कागद आता फ्रिजवर चिकटवलेला असतो. प्रत्येक ट्रेकला नवा. पुढचा लिहून झाला आहे. परतीची वेळ आईने स्वतःच्या हाताने लिहिली आहे, आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.